मामांच्या कपाटातली किडनीची पुस्तकं: ठेवू की रद्दीत घालू?

हरिपूररोड (शनिवार, रात्री ११.४०)

मामा जाऊन दिवाळीत वर्ष होईल. सांगलीत गावभागात त्यांचा दवाखाना होता, अडतीस वर्षं चालवला. मामी आता लेकीकडे पुण्याला चाललीय, जागा महिनाअखेर सोडायचीय, आणि पुस्तकांचं एक कपाट माझ्या गळ्यात पडलंय. खालचे दोन खण २०१९च्या पुरात गेले, त्यातल्या पुस्तकांच्या अक्षरशः विटा झाल्यात. वरचे खण कोरडे राहिले. त्यात हॅरिसनचं मेडिसिन आहे. ब्रेनर-रेक्टरचं ‘द किडनी’, १९९६ची पाचवी आवृत्ती, दोन खंड (उचलताना कमरेत उसण भरली). दाऊगिर्डास आणि मंडळींचं डायलिसिसचं हँडबुक आहे, २००१चं. मामा साधे जनरल प्रॅक्टिशनर, पण त्यांचे थोरले भाऊ किडनीच्या आजारानं गेले, तेव्हापासून त्यांना या विषयाचा नाद लागला होता.

एरवी मी सरळ रद्दीवाल्याला फोन केला असता. पण गेल्या महिन्यात आईचं क्रिएटिनिन (किडनीनं गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.९ आलं. वय ६८, साखर पंधरा वर्षांची. रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २८ लिहिलंय. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. तेव्हापासून रोज रात्री ब्रेनर उघडून बसतो. मी कॉमर्सचा माणूस. चार ओळींत डोळे मिटतात, पण झोप लागत नाही.

तर प्रश्न दोन. ही पुस्तकं आज कुणाच्या उपयोगाची आहेत का? आणि माझ्यासारख्यानं ती वाचावीत का?

भडंगप्रेमी

रद्दीचा भाव विचारून ठेवा. ब्रेनर एकटाच आठवड्याचं दूध सुटेल एवढा भरेल.

औदुंबर_७१

वाचू नका असा सल्ला. मी हृदयाचं असंच वाचत बसलो आणि पुस्तकातले सगळे आजार मला झाले. गरोदरपणातला रक्तदाबसुद्धा.

डॉ_अर्धवेळ

मी मिरजेत शिकलो, आता फिजिशियन आहे, म्हणून जरा सविस्तर टंकतो.

ब्रेनर कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. ज्यांनी वाचलंय असं सांगतात त्यांच्याकडून उसने पैसे घ्या, परत मागायचं विसरतील. ते विहिरीसारखं वापरायचं पुस्तक आहे, लागेल तेव्हा बादली सोडायची. शिकताना आम्ही जॉन्सन-फीहालीचं ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह क्लिनिकल नेफ्रॉलॉजी’ वापरायचो. चित्रं भरपूर, आणि पेशंट समोर बसलाय असं धरून लिहिलेलं. सोडियम, पोटॅशियम, आम्ल-अल्कली यांसाठी बर्टन रोझ. त्याच रोझनी १९९२मध्ये ‘अपटूडेट’ सुरू केलं, आज बहुतेक डॉक्टर जे मोबाईलवर उघडतात ते. म्हणजे जाडजूड पुस्तकाची सद्दी ज्यानं संपवली तो माणूस मुळात पाठ्यपुस्तकाचाच लेखक.

आता तुमचा १९९६चा ब्रेनर. किडनी कशी चालते, गाळणी कशी असते, मूत्र दाट-पातळ कसं होतं, हे त्यात आजही खरं आहे. खोटं झालंय ते उपचाराचं प्रकरण. मधुमेहानं किडनी बिघडते तेव्हा कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीचा फायदा १९९३मध्ये दिसला, म्हणजे तेवढं त्यात असेल. लोसार्टनसारख्या गोळ्यांचा पुरावा २००१चा. मग जवळजवळ वीस वर्षं आम्ही पेशंटला तेच दोन सांगत होतो. २०१९ आणि २०२०मध्ये साखरेच्या एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्यांचे किडनीवरचे मोठे अभ्यास आले आणि चित्र पालटलं. त्याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२०मध्ये संपलं, तेव्हापासून ती सामान्यांच्याही आवाक्यात आली. तुमच्या मामांच्या कपाटात यातलं एक अक्षर नाही. पुस्तक चांगलं असूनही नाही.

खणआळी

साताऱ्याहून हजेरी. डॉक्टर, क्रिएटिनिन १.९ म्हणजे नक्की किती वाईट हो? आमच्या शेजाऱ्यांचं ६ होतं आणि ते बाजारात भाजी घेताना दिसायचे.

डॉ_अर्धवेळ

आकडा एकटा काही बोलत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सांगलीच्या तालमीतला पंचवीस वर्षांचा पैलवान आणि त्याची ६८ वर्षांची आजी, दोघांचं १.३ आलं समजा. २०२१च्या सूत्रानं पैलवानाचा ईजीएफआर ७८च्या आसपास येतो, आजीचा ४५. लॅबचा कागद तोच, आकडा तोच, आणि आजीच्या किडनीचं काम निम्म्यावर. पैलवानाची तर खरी गाळणी सूत्रापेक्षाही बरी असेल, कारण सूत्राला त्याचे दंड दिसत नाहीत.

ईजीएफआर ३० ते ५९ म्हणजे किडनीच्या आजाराचा तिसरा टप्पा, १५ ते २९ चौथा, त्याखाली पाचवा. शिवाय हे तीन महिने टिकलं तरच जुनाट म्हणायचं. धागाकर्त्यांच्या आई चौथ्यात बसतात, पण आधीचे रिपोर्ट काढून बघा. दोन वर्षांपूर्वीही १.८ असेल तर गोष्ट वेगळी, १.१ असेल तर वेगळी. आणि लघवीतलं अल्ब्युमिन (गळणारं प्रथिन) तपासलंय का? अर्धी गोष्ट तिथे असते.

कंदीपेढा

एक विचारू का? आई साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात का?

हरिपूररोड

हो. ५००ची, दोन वेळा. का?

कंदीपेढा

मी फार्मासिस्ट आहे, कोरेगावला दुकान. ईजीएफआर ३०च्या खाली गेला की मेटफॉर्मिन नको, हा आजचा नियम. घाबरू नका आणि धागा वाचून गोळी स्वतः बंदही करू नका, साखर चढेल. पण तीन महिने थांबू नका, सोमवारी सकाळी डॉक्टरांना फोन करून हा आकडा वाचून दाखवा.

जुन्या पुस्तकाचा धोका इथे कळतो. आधी हा नियम नुसत्या क्रिएटिनिनवर होता, बायकांना १.४, पुरुषांना १.५. २०१६मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं तो बदलून ईजीएफआरवर नेला. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती हातात घेतली तर एकाच बाईला दोन उत्तरं मिळू शकतात.

हरिपूररोड

उठून पाकीट बघून आलो. सोमवारी पहिला फोन तोच.

भडंगप्रेमी

रद्दीचा विनोद मागे घेतो.

डायलायझर

धाग्यात उशिरा आलो, शिफ्ट होती. मी मिरजेत डायलिसिस टेक्निशियन आहे. ते २००१चं हँडबुक रद्दीत घालू नका, मला हवंय. उपयोग म्हणाल तर फार नाही, आमच्याकडे २०१५ची पाचवी आवृत्ती आहे, कव्हर गेलेली, सेलोटेप लावलेली. पण मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते त्या २००१च्या प्रतीवर शिकलेले. सर नवीन मुलाला विचारायचे, ‘कितव्या पानावर आहे?’ उत्तर चुकलं तरी चालायचं, पान चुकलेलं चालायचं नाही.

आमच्या कामात पुस्तक रोज लागतं. पेशंटचं बीपी मध्येच पडलं, पायात गोळे आले, मशीन ओरडायला लागलं, तेव्हा दोन खंड उघडायला वेळ कुणाला? खिशात मावेल ते खरं.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. मिनिटाला अर्धा लिटर, हिशेब करा. रक्त एका बाजूनं, पाणी दुसऱ्या बाजूनं, मध्ये पातळ पडदा. त्यामुळे आमचा आरओ बिघडला की आमची जी पळापळ होते ती बघण्यासारखी. उन्हाळ्यात टँकर मागवताना आम्ही आधी पाण्याला नमस्कार करतो.

आणि लग्नसराई! शुक्रवारी वजन करून गेलेला माणूस सोमवारी चार किलो वाढून येतो. ‘काही खाल्लं नाही हो, फक्त मठ्ठा.’ किती मठ्ठा? ‘बसलो होतो पंगतीत.’

शिराळा_पेठ

मूळ प्रश्न पुस्तकांचा, म्हणून एक तक्रार मांडतो. मी वाळवा-शिराळा पट्ट्यात प्रॅक्टिस करतो. ही सगळी जाड पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या खिडकीतून ऊस दिसत नाही. मधुमेहाच्या किडनीवर पानंच्या पानं, आणि साप चावून किडनी बंद पडते त्यावर चार परिच्छेद. आमच्याकडे तोडणीच्या हंगामात घोणस चावलेला माणूस येतो तेव्हा ते चार परिच्छेदच लागतात.

घोणशीचं विष रक्त गोठण्याची सगळी यंत्रणा वापरून संपवतं. मग रक्त गोठत नाही, हिरड्यांतून येतं, लघवी लाल होते, दुसऱ्या दिवशी बंद. काहींच्या किडनीची बाहेरची साल कायमची मरते, ती परत येत नाही. याची पहिली तपासणी कुठल्याही यंत्राशिवाय होते. काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करायचं. गोठलं नसेल तर विष काम करतंय. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकच्या नळीत खोटं उत्तर येतं. हे मला पुस्तकानं नाही, आमच्या तालुक्यातल्या जुन्या सिस्टरनी शिकवलं. प्रतिविषाची बाटली चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

तर बाबांनो, साप चावला की मांत्रिकाकडे तास घालवू नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. साप ओळखायला त्याच्या मागे धावू नका. एकाला चावलेला साप पकडायला गेलेला दुसराही चावून घेऊन आलेला मी पाहिलाय. दोघं एकाच रिक्षात.

औदुंबर_७१

दोघं एकाच रिक्षात 😄 आणि साप?

शिराळा_पेठ

बरणीत. तिसऱ्याच्या मांडीवर.

खणआळी

ऊसतोड कामगारांच्या किडनीबद्दल मध्य अमेरिकेत काही सापडलंय ना? साखर नाही, बीपी नाही, तरी तरण्या पोरांच्या किडन्या जातात असं वाचल्याचं आठवतं.

डॉ_अर्धवेळ

बरोबर. निकाराग्वा, एल साल्वादोर भागात. उन्हात दिवसभर तोडणी, पाणी कमी, हे संशयितांच्या यादीत वर आहे, पण कारण एकच असं ठरलेलं नाही. आपल्याकडे आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम पट्टा याच कोड्यासाठी ओळखला जातो, तिथे ऊस नाही, नारळ आणि काजू आहेत. १९९६च्या ब्रेनरमध्ये हे शोधू नका.

आपल्या टोळ्यांबाबत मला काळजी वेगळीच वाटते. अंग दुखलं की दुकानातून डायक्लोफेनॅक घ्यायची, वर उन्हात दहा तास. पाणी कमी पडलेल्या किडनीला ही गोळी फार महाग पडते.

कंदीपेढा

दुकानदार म्हणून कबूल करतो, चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांत गुडघेदुखीची गोळी पहिल्या नंबरला. धागाकर्ते, आईच्या गुडघ्यांचं काय?

हरिपूररोड

तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? उशाखाली एक पाकीट सापडलं.

निसर्गोपचार_सातारा

एवढी मोठी पुस्तकं वाचून काय मिळालं? पुनर्नवा, गोखरू, वरुण यांचा काढा चाळीस दिवस घ्या. शंभर टक्के फरक. ॲलोपॅथीत किडनीला औषधच नाही.

डॉ_अर्धवेळ

औषध नाही हे वाक्य २०१९ आधी तुम्ही म्हणाला असतात तर निम्मं ऐकून घेतलं असतं.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे मात्र मान्य नाही. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या बायकांच्या किडन्या गेल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. वनस्पतीतलं अॅरिस्टोलोकिक आम्ल त्याला कारण. तुमच्या काढ्यात ते आहे असं मी म्हणत नाही. चौथ्या टप्प्यातल्या बाईला चाळीस दिवस न तपासता काही देऊ नका, एवढंच.

निसर्गोपचार_सातारा

तुमच्या कंपन्या तुम्हाला बोलायला लावतात.

औदुंबर_७१

कंपन्यांनी मला अजून पेनसुद्धा दिलं नाही. मूळ विषयावर या बघू.

मीनल_वि

मी विश्रामबागेतून. माझा मुलगा चार वर्षांचा असताना एका सकाळी डोळे सुजून उठला. ॲलर्जी म्हणून दोन दिवस थेंब घातले, मग पाय सुजले. लघवीतून प्रथिनं जात होती, नेफ्रोटिक सिंड्रोम. आता तो नववीत आहे, म्हणून शांतपणे लिहू शकतेय.

आमचं रेफरन्स बुक म्हणजे दोनशे पानी वही. रोज सकाळी पहिली लघवी परीक्षानळीत घ्यायची, वरचा भाग मेणबत्तीवर तापवायचा, पांढरं गढूळ झालं का बघायचं. वहीत तारीख, गढूळपणा किती प्लस, गोळी किती, वजन, ताप-खोकला. सलग तीन दिवस तीन प्लस म्हणजे आजार उलटला, डॉक्टरांना फोन. सलग तीन दिवस काही नाही किंवा पुसटसं, म्हणजे आवरला. पहिल्या वेळी स्टिरॉइड सहा आठवडे रोज आणि सहा आठवडे दिवसाआड. त्या काळात त्याचे गाल असे फुगले की शाळेत ‘लाडू’ नाव पडलं. सासूबाई म्हणायच्या, तब्येत सुधारली.

मी इंग्रजी पुस्तकं वाचायचा प्रयत्न केला होता. पहिल्याच पानावर मृत्यूचं प्रमाण, जुन्या काळातलं, औषध येण्याआधीचं. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुस्तक हातातून घेतलं, मागचं पान उघडून छापल्याचं वर्ष दाखवलं, आणि वही दिली. हरिपूररोड, तुम्हालाही हेच सांगेन. आईसाठी वही घाला.

डायलायझर

ताई, ही सगळ्यात कामाची पोस्ट.

खणआळी

मराठीत काहीच नाही का पण? मूत्रपिंड म्हटलं की लोक मुतखड्यावर जातात आणि वृक्क म्हटलं की झाडावर.

मीनल_वि

आहे की. राजकोटचे किडनीतज्ज्ञ डॉ. संजय पंड्या यांचं पेशंटसाठी लिहिलेलं पुस्तक बऱ्याच भाषांत नेटवर फुकट उतरवून घेता येतं, मराठीतही. सोपं आहे. सासूबाईंनी चष्मा लावून अर्धं वाचलं आणि मग लाडू प्रकरणावर बोलल्या नाहीत.

डॉ_अर्धवेळ

आणि इंग्रजी झेपणाऱ्यांसाठी केडिगो या किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं, तीही फुकट. जाडी आहे, पण निदान ताजी आहेत.

हरिपूररोड (मंगळवार)

अपडेट. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन बंद करून साखरेची दुसरी गोळी दिली. लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला दिलंय, ते आलं की डापाग्लिफ्लोझिनचं ठरवू म्हणाले. गुडघ्याची गोळी बंद. जुने रिपोर्ट सापडले: दीड वर्षापूर्वी १.६, म्हणजे हळूहळू चाललंय. आणि भावानं कौतुकानं आणलेलं लो सोडियम मीठ डब्यासकट परत गेलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चांगलं समजून विषाची परीक्षा चालली होती.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. काल रात्री ब्रेनर परत उघडला, झोपण्यासाठी. पोटॅशियमच्या प्रकरणात समासात मामांचं पेन्सिलीतलं अक्षर सापडलं. पुस्तकात संत्र्याचा रस वगैरे लिहिलंय, त्याच्या बाजूला मामांनी आपल्या गावची यादी केलीय: ‘बेदाणा. शहाळं. चिंचेचं सार. केळं, उपवासाला दोन. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकणे. कमरख अजिबात नको.’ आणि खाली, ‘तासगावच्या पेशंटना बेदाणा आहे का विचारू नये, किती ते विचारावं.’

पुढे बरीच पानं अशीच आहेत. लेप्टोच्या पानावर ‘पुरानंतर पोटऱ्या दाबून बघणे’. हळदीचं तर कुठे काहीच नसताना त्यांनी कोऱ्या जागेत लिहिलंय: ‘फोडणीतली चालेल. चमचे भरून दुधातून रोज नको, ऑक्झलेट.’ हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांजवळ राहून हे लिहायला धाडस लागतं.

शिराळा_पेठ

घोणशीच्या पानावर काही आहे का?

हरिपूररोड

आहे. ‘काचेची नळी. टेबलाच्या डाव्या खणात.’ खण उघडून पाहिला. सहा नळ्या आहेत, कापसात गुंडाळलेल्या.

शिराळा_पेठ

मला हव्यात. बुधवारी सांगलीत आहे, येऊ का?

कंदीपेढा

समासांचे फोटो काढून टाका इथे, प्लीज. पुस्तक जुनं असेल, समास नाहीत.

हरिपूररोड (पुढच्या रविवारी)

वाटप झालं. दाऊगिर्डास डायलायझर घेऊन गेले, जाताना चहाला नाही म्हणाले आणि दोन कप प्यायले. नळ्या शिराळ्याला. हॅरिसन पुतण्याच्या मैत्रिणीला, ती मिरजेत पहिल्या वर्षाला आहे. छापल्याचं वर्ष आधी बघायचं, हे तिला दोनदा सांगितलं. पुरातल्या विटा नदीला लागूनच असलेल्या शेतात पुरल्या, कृष्णेचं कृष्णेला. फोटो काढतोय, एकशे वीस पानं झाली, अजून दुसरा खंड आहे.

ब्रेनर माझ्याकडेच राहील. आईनं त्याला कामाला लावलंय. उन्हातले पापड वाकडे होऊ नयेत म्हणून डब्यावर वजन हवं होतं.

मीनल_वि

पापड? चौथ्या टप्प्यात? त्यातला खार?

हरिपूररोड

विचारलं. म्हणाली, ‘मी कुठं खातीय, वजन तर डॉक्टरच्या पुस्तकाचं आहे.’